घड्याळाची मागची बाजू

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
८ जानेवारी २०२५

चि. आकाश,

पोस्टाचं पाकीट बघून घाबरू नकोस. इथं सगळं ठीक आहे. मायचा गुडघा तिच्याइतकाच हट्टी आहे, बाकी ती ठणठणीत. पत्र अशासाठी लिहितेय, की फोनवर हे बोलता येत नाही. दोन खोल्यांच्या घरात मायच्या कानाआड काही होत नाही, आणि तिला कळलं की संध्याकाळपर्यंत करमाडच्या सगळ्या नातलगांना कळतं.

मला ऋतुराजना साखरपुड्यात घड्याळ द्यायचंय. साधं नाही, ते स्विस वेर्नोल. मॉलमध्ये गेलो की ते त्या काचेपुढे हमखास थांबतात, मग स्वतःच लाजून पुढे होतात. बायकोला दुकानापुढून ओढून न्यावं लागतं असं ऐकलं होतं, माझ्या नशिबी उलटंच आलंय. नवं घेणं आपल्या आवाक्याबाहेर आहे, पण वापरलेलं जमेल. निराला बाजारात एका दुकानात एक बघून ठेवलंय. डबा आहे, कागद आहेत, दुकानदार मुलाबाळांच्या शपथा घेतोय.

तू पुण्यात रोज हेच काम करतोस. जुनी घड्याळं घ्यायची, पारखायची, विकायची. तेव्हा सांग, खरं कसं ओळखायचं? तू 'घे' म्हणालास तरच घेईन. शाळेनंतर इतकी वर्षं शिकवण्या करून जे साठवलं ते सगळं यात जाणार आहे. पण पैशापेक्षा मला दुसरी धास्ती आहे. त्यांच्या पहिल्या लग्नात त्यांना मुलीचं वय, शिक्षण, आजारपण, सगळंच खोटं सांगितलं होतं. मला एकदाच म्हणाले, थोडं मिळालं तरी चालेल, खरं मिळावं. अशा माणसाच्या हातावर मी खोटं घड्याळ बांधलं तर मला तोंड दाखवता येणार नाही.

फोटो आणि एक व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेत. उत्तर मात्र पत्रानं शाळेच्या पत्त्यावर दे.

तुझी अक्का


पुणे
१४ जानेवारी २०२५

ती. अक्का,

नमस्कार. आधी एक सांग, सदतिसाव्या वर्षी माणूस इतका प्रेमात पडतो? मला शाळेत पट्टीनं मारणारी ती तूच ना?

निरालातलं घड्याळ नकली आहे. अजिबात घेऊ नकोस. आता कसं ते नीट वाच, कारण यापुढे तुलाच बघायचंय.

फोटोत मागची बाजू दिसतेय. झाकणावरचे आकडे बघ. खऱ्यावर ते बारीक आणि खोल असतात, कडा धारदार, नखाला लागतात. याच्यावरचे आकडे पुसट आहेत, तापलेल्या सुईनं टोचल्यासारखे. नेहमी घड्याळ आधी उलटं करायचं. डायल सजवायला सगळेच शिकलेत, पाठीवर कुणी मेहनत घेत नाही. दुसरं, हे आपोआप चावी भरणारं मॉडेल आहे, त्याचा सेकंदकाटा सरकत जायला हवा. तू पाठवलेल्या व्हिडिओत तो थांबून थांबून उड्या मारतोय, म्हणजे आत सेल आहे. तिसरं, कागद फार कोरे आहेत. वापरलेल्या घड्याळाचे कागद इतके कडक इस्त्रीतले कसे? डबा आणि कागद ही तर नकलीवाल्यांची पहिली खरेदी असते. आणि जो विकणारा शपथा घेतो आणि 'आजच न्या' म्हणतो, त्याच्यापुढून उठायचं.

घाई करू नकोस. साखरपुडा मार्चमध्ये आहे, अजून वेळ आहे. तुझे पैसे असे कुणाच्या घशात जाऊ देणार नाही.

मायला काही सांगू नकोस म्हणतेस, पण सांगशीलच तू.

तुझा
आकाश


पुंडलिकनगर
२३ जानेवारी २०२५

चि. आकाश,

काल निरालात जाऊन त्या दुकानदारापुढे घड्याळ उलटं केलं आणि आकड्यांवरून नख फिरवलं. त्याचा चेहरा बघायला तू हवा होतास. म्हणाला, मॅडम, आप क्या कंपनी से हैं? मी म्हटलं, नाही, माझा भाऊ आहे.

खरं सांगू, मला फार अभिमान वाटला. बारावीला नापास झालास तेव्हा सगळे म्हणत होते, हा मेंढरांमागे जाणार. मी एकटी म्हणत होते की याच्या डोळ्यांत काहीतरी आहे.

सिडकोतल्या एका डॉक्टरांकडे एक आहे असं कळलं. बघून आले. आकडे ठीक वाटले, पण काच नखानं वाजवली तर प्लास्टिकसारखी. मीच नाही म्हणून आले. बघ, शिकतेय. आज पाण्याचा दिवस आहे, नळ आलाय, उठते.

अक्का


पुणे
५ फेब्रुवारी २०२५

ती. अक्का,

शाब्बास. डॉक्टरांचं नाकारलंस ते बरं केलंस.

आता आनंदाची बातमी. गारखेड्याला रामप्रसादजी म्हणून एक गृहस्थ आहेत, बँकेतून निवृत्त झालेले. आमच्या दुकानाशी जुनी ओळख. त्यांना त्यांचं वेर्नोल विकायचंय. मुलगा कॅनडाला, घालायला कुणी नाही. मी सांगून ठेवलंय, ते तुलाच देतील. सभ्य माणूस आहे, घासाघीस करू नकोस.

गेलीस की एवढं बघ. काचेवर फुंकर मार, वाफ लगेच उडाली पाहिजे. काचेवर पाण्याचा थेंब ठेव, तो पसरता कामा नये. सेकंदकाटा सरकत जातो का बघ. शाळेच्या प्रयोगशाळेतलं भिंग ने आणि डायलवरची अक्षरं बघ, कडा फुटलेल्या नसाव्यात. वजन हाताला जाणवलं पाहिजे. बस, यात सगळं आलं. झाकणावरचा नंबर मी कंपनीच्या माणसाकडून तपासून घेतलाय, त्याची चिंता करू नकोस.

एकच सांगतो. तिथल्या कुणा दुरुस्तीवाल्याला उघडायला देऊ नकोस. एकदा झाकण निघालं की आतलं रबर पूर्वीसारखं बसत नाही, पाणी शिरतं. लोक घड्याळ तपासायच्या नादात मारतात.

ऋतुराजरावांना सांग, मेव्हणा पुण्यात बसून त्यांची काळजी घेतोय.

तुझा
आकाश


पुंडलिकनगर
१७ फेब्रुवारी २०२५

चि. आकाश,

घेतलं.

सगळं तू सांगितलंस तसं केलं. फुंकर मारली, वाफ पटकन उडाली. थेंब ठेवला, तो मोत्यासारखा गोल उभा राहिला. भिंगातून अक्षरं बघितली, कडा सगळ्या नीट. रामप्रसादजी समोर बसून चहा पीत होते, मध्येच म्हणाले, सावकाश बघा ताई, आपल्याच घरातलं समजा. किती चांगला माणूस आहे रे. पैसे मोजूनही घेतले नाहीत, तसेच कपाटात ठेवले.

रिक्षात बसल्यावर मी घड्याळ पर्समधून काढलं आणि स्वतःच्या हातात घालून बघितलं. माझ्या मनगटावरून ते घसरत होतं. हसू नकोस, पण मला रडू आलं. आपल्या घरात कुणी कुणाला असं काही दिलेलं मी पाहिलं नाही. बाबा गेले तेव्हा तू सहावीत होतास. तेव्हापासून मी फक्त गरजेच्याच वस्तू विकत घेतल्या. ही पहिलीच बिनगरजेची आणि तीही निर्धास्तपणे घेतली, कारण मागं तू होतास.

मायला सांगितलं. राहवलं नाही. तिनं घड्याळ कानाला लावलं, म्हणाली, "लई हळू बोलतंय." कपाटात तिच्या लुगड्यांच्या घडीत ठेवलंय.

सोळा मार्चला ये. सुट्टीचं नंतर बघू म्हणू नकोस.

अक्का


पुंडलिकनगर
४ मार्च २०२५

चि. आकाश,

फोन लागत नाही तुझा, म्हणून लिहितेय.

एक गडबड झालीय. तुला मायची सवय माहीत आहे. करमाडला असताना ती प्रत्येक मेंढराच्या पाठीवर रंगाची खूण करायची. शहरात आल्यापासून भांड्यांवर नावं घालते. आपल्या घरात चमचासुद्धा बिननावाचा नाही. शनिवारी मी शाळेत होते, ती रुखवताची ताटं घेऊन गुलमंडीला गेली, आणि ताटांबरोबर घड्याळही घेऊन गेली. भांड्यांवर नाव घालणाऱ्याच्या विजेच्या सुईनं तिनं त्या स्विस घड्याळाच्या पाठीवर कोरून घेतलं: चि. ऋतुराज यांस योगिनीकडून.

मी घरी आले तेव्हा ती ते टॉवेलनं पुसत होती, अगदी खूष. मी डोक्याला हात लावला. मग हसायलाच आलं. कुणाचं घड्याळ आणि कुणाच्या सुईखाली आलं.

पण मायच म्हणाली, "बाकीच्या ताटांवर नाव पांढरं आलंय. ह्याच्यावरच पिवळं कशामुळं यायलंय? स्टील आतून पिवळं असतंय व्हय?"

मी खिडकीशी नेऊन बघितलं. अक्षरं पिवळी आहेत, आकाश. वरचा चकचकीत थर निघालाय आणि खाली दुसराच धातू आहे.

रामप्रसादजींनी आपल्या दोघांनाही फसवलं. मला माझ्यापेक्षा तुझी काळजी वाटतेय. तू त्यांच्यावर भरवसा ठेवून शब्द टाकलास. तुझ्या दुकानात हे कळलं तर तुझ्या नावाचं काय? तू काही वाईट वाटून घेऊ नकोस. फसवणारा इतका तयारीचा असला तर पारखणारा तरी काय करील. मी बघते त्यांच्याकडे.

लगेच कळव.

अक्का


पुणे
८ मार्च २०२५

ती. अक्का,

आधी शांत हो. फोन बिघडलाय.

घड्याळ नकली नाही. त्या मालिकेत काही झाकणं दोन धातूंची येतात, आत पिवळं, वर स्टील. हे फारसं कुणाला माहीत नसतं. मायनं मात्र कमाल केली, आता त्याची बाजारातली किंमत गेली.

रामप्रसादजींकडे जाऊ नकोस. वयस्कर माणूस आहे, रक्तदाबाचा त्रास आहे, उगाच काही झालं तर आपल्या अंगाशी येईल. दुसऱ्या कुणाला दाखवूही नकोस. मागची बाजू मनगटाला टेकलेली असते, ती कोण बघणार? सोळा तारखेला खुशाल दे.

माझी सुट्टी नामंजूर झालीय. साखरपुड्याला येता येणार नाही. रागावू नकोस.

आकाश


पुंडलिकनगर
१२ मार्च २०२५

आकाश,

तुझं पत्र मिळायच्या आधीच मी गारखेड्याला जाऊन आले होते.

मी भांडायला गेले होते. दारातच रामप्रसादजींना वाटलं, मी आभार मानायला आलेय. त्यांनी मला बसवलं, बायकोला हाक मारली, आणि म्हणाले, "आता सांगायला हरकत नाही ताई. घड्याळ माझं कधीच नव्हतं. आकाशनंच आणून ठेवलं होतं. म्हणाला, बहीण माझ्याकडून स्वस्तात घेणार नाही, तिचा स्वाभिमान मोठा, म्हणून तुमच्या नावानं द्या. असा भाऊ आजकाल कुठं मिळतो?" त्यांच्या बायकोनं माझ्या हातावर लाडू ठेवला. मी तो खाल्ला. त्यांना काय सांगणार होते मी?

मग शाळेतल्या नौशीनबरोबर शहागंजला गेले. तिचा नवरा अझहर घड्याळं दुरुस्त करतो. त्यानं उघडलं. आतलं यंत्र आणि डायल खरी आहे, बाहेरची केस, म्हणजे घड्याळाचं कवच, आणि झाकण नकली, पितळेवर मुलामा दिलेला. पाणी वगैरे काही शिरलं नाही.

तेव्हा मला कळलं तू काय केलंस. निरालातल्या घड्याळाच्या वेळी तू मला सांगितलंस, आधी उलटं कर. गारखेड्याला जाताना मात्र काच, काटा, अक्षरं, वजन, म्हणजे सगळं समोरूनच बघायला लावलंस. जे खरं होतं तेवढंच बघायला लावलंस, आणि नंबर मी तपासलाय म्हणून पाठीकडे नजरच जाऊ दिली नाहीस. मी शिक्षिका आहे. ज्या पोराला जे येतं तेच विचारून त्याला पास करायचं, हे मला नवं नाही. पण ही परीक्षा तू माझ्यासाठी काढलीस, आणि मी इमानदारीनं भिंग घेऊन ती दिली.

मला एकच कळत नाही. मीच का? पुण्यात इतके लोक घड्याळं घ्यायला येतात. मीच का सापडले?

योगिनी


पुणे
१९ मार्च २०२५

अक्का,

कसं लिहू कळत नाही. तीन वेळा लिहून फाडलं.

डिसेंबरमध्ये ते घड्याळ दुकानासाठी मीच घेतलं होतं. मीच पारखलं, मीच मालकाला 'घ्या' म्हणालो. नंतर समजलं की केस बदललेली आहे. मालकाला कळलं असतं तर नोकरी गेली असती, आणि या धंद्यात एकदा नाव गेलं की पुन्हा कुणी उभं करत नाही. ते मला कुठंतरी खपवायचंच होतं. गिऱ्हाइकाला विकलं असतं तर तो आज ना उद्या कुठं तरी उघडणार आणि परत येणार. तेवढ्यात तुझं पत्र आलं.

मला वाटलं, तुझ्याकडे गेलं तर घरातच राहील. तू कधी उघडणार नाहीस, मी सांगितलेलं मोडणार नाहीस. ऋतुराजरावांना डायल आवडली असती, ती तर खरीच आहे. कुणालाच कधी काही कळलं नसतं. तुझं नुकसान करायचं माझ्या मनात नव्हतं, एवढा विश्वास ठेव. मायनं ते गुलमंडीला नेलं नसतं तर आज सगळे खूष असतो.

तुझी पै न पै फेडीन. मायला मात्र सांगू नकोस, तिला सहन होणार नाही.

आणि अक्का, लग्नाला येऊ ना मी? कानपिळीला भाऊ लागतो. लहानपणी तू म्हणायचीस, माझ्या नवऱ्याचा कान इतका जोरात पीळ की तो लाल झाला पाहिजे.

आकाश


पुंडलिकनगर
२ एप्रिल २०२५

आकाश,

साखरपुडा झाला. घड्याळ दिलं नाही. आदल्या दिवशी मी ते ऋतुराजच्या पुढे ठेवलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी ते उलटं करून कितीतरी वेळ स्वतःचं नाव वाचलं. मग एवढंच विचारलं, "भावाला माहीत होतं?" मी हो म्हणाले. त्या एका शब्दाची मला जितकी लाज वाटली तितकी आयुष्यात कधी वाटली नाही, जणू ते मीच केलं होतं. त्यांनी घड्याळ माझ्या हातात परत दिलं आणि माझ्यासाठी पाणी आणायला उठले.

'मीच का' याचं उत्तर तू दिलंस. मी तुझं ऐकते म्हणून. गिऱ्हाईक संशय घेतं, म्हणून ते वाचलं. मी संशय घेत नाही, म्हणून तू मला निवडलंस. वर म्हणतोस, विश्वास ठेव. आणि मायनं ते गुलमंडीला नेलं हे तुला अजून सलतंय, तू केलंस ते नाही.

मायला मी सांगितलं. तू नको म्हणाला होतास, पण आता तुझ्या सांगण्यावर मी काही लपवणार नाही. ती ताटं पुसत बसली होती, ती पुसतच राहिली. सगळी पुसून झाल्यावर तिनं कानातले काढले, तू दिवाळीला पुण्याहून आणलेले, जे ती झोपतानाही काढत नव्हती. माझ्या हातावर ठेवून म्हणाली, "हे बी एकदा दाखवून आण."

मी सराफाकडे नेले. खरं सोनं आहे, आकाश. मी आनंदानं घरी येऊन तिला सांगितलं. तिनं ते डबीत ठेवले. परत घातले नाहीत.

लग्नाला ये. चार लोकांत तुझ्याविषयी मी काही बोलणार नाही. मांडवात बस, जेव, मायच्या पाया पड. कानपिळीला अजिंठ्याच्या मामांचा बिरू उभा राहील, त्याला सांगून झालंय. तू विचारशील, सख्खा भाऊ असताना तो कशाला? कारण कान पिळताना भावानं नवऱ्याला बजावायचं असतं, की माझ्या बहिणीला कधी फसवू नका. ते तुझ्या तोंडून मला ऐकवणार नाही.

योगिनी